आवंढा

चार दिवसांनी नळ आला, पहाटे पावणेचारला.
भूदेवीनं पिंप भरलं, घागरी भरल्या,
शेवटी चहाचं पातेलंसुद्धा.
पहिला तांब्या माझ्या हातात दिला.
मी घोट घेतला तर
पाणी गेलं गळ्यात
आणि कळ गेली कानात.

उजव्या कानात, आत, खोल.
दाभण खुपसावं तशी नाही,
कुणी चिमटीत धरून ओढावं तशी.
घोट उतरला की सोडून द्यायची.

मी म्हटलं, कानच. दुसरं काय असणार?
एकोणतीस वर्षं साखर पेठेत
सोळा मागांच्या खटखटीत उभा आहे मी.
तिथं तोंडानं कुणी बोलत नाही,
भिवया बोलतात, बोटं बोलतात.
कान कधीतरी हिशेब मागणारच होता.

भूदेवी म्हणाली, चेवि.
लसूण कढवून तेल सोडलं दोन थेंब.
उशी तेवढी तेलकट झाली.
शेजारची हमीदाबी म्हणाली, हळदमिठाच्या गुळण्या कर.
अगं, दुखतोय कान!
"गिळतानाच दुखतो ना? मग घसा दाखव की."
मी हसलो तिला. हसतानाही दुखलं.

कडक भाकरी आमटीत भिजवून भिजवून
तिची लापशी केली.
शेंगाचटणीचा डबा वरच्या फळीवर गेला.
माणूस दिवसात किती आवंढे गिळतो
कधी मोजलेत?
मी मोजले.
एक टॉवेल विणून होईस्तोवर, अकरा.

महिन्यानं गेलो.
डॉक्टर हत्तुरेबाई, कपाळावर दिवा.
"कान स्वच्छ आहे ओ तुमचा. तेल आहे तेवढंच."
मग, आ करा.
जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली
आणि बघत राहिल्या.
बोलल्या काही नाहीत,
पण भिवया वाचायची सवय मला.
डावी किंचित खाली आली.

"तंबाखू?"
सोडली.
"कधी?"
काल.

चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी एक रेघ ओढली,
पुढं तिला दोन फाटे.
ही नववी नस.
एक फाटा जिभेच्या मुळाशी, एक कानात.
जखम इथं आहे.
वर डोक्याला कळत नाही हाक कुठल्या दारातून आली,
ते कानाचं नाव घेतं.

नऊ म्हणजे आमच्या घरात लुगड्याचा आकडा.
बाईंचं सांगून व्हायच्या आत मला समजलं होतं.
मागं बीमवर एक तार अडकते
आणि चट्टा पडतो पुढं, कापडावर.
नवा पोरगा कापडच चाचपत बसतो.
जुना माणूस मागं जातो, वाकतो.
मी जुना माणूस.
महिनाभर कापड चाचपत बसलो.

"तुकडा काढून तपासायला पाठवू.
तीन आठवड्यांवर गेलेलं दुखणं
घरात ठेवून घ्यायचं नसतं."
घाबरू नका, असं म्हणाल्या नाहीत.
ते बरं वाटलं.

रिपोर्ट गुरुवारी.
नळही गुरुवारीच.
भूदेवी म्हणाली, मी येते संगट,
पाण्याचं हमीदाबी बघेल.

दुपारी शेडमध्ये मल्लेशमनं
पलीकडच्या मागावरून भिवई उडवली: काय झालं?
मी कानाला बोट लावलं, मान हलवली, नाही.
मग बोट गळ्यावर आणलं.
तो दोन्ही मागांच्या मधून आला,
सवयीनं खिशातून पुडी काढली,
चुना मळला, निम्मी माझ्याकडं केली
आणि हात अर्ध्यातच थांबला.

सोळा माग खटखटत होते.
मल्लेशमनं तळहाताकडं बघितलं,
एक आवंढा गिळला,
आणि दुसरा हात
हळूच
आपल्या कानाला लावून बघितला.